अमेरिकेहून परतल्यावर झोप कशी जुळवली : माझा अनुभव

परदेशातून आल्या आल्या सकाळचं ऊन घ्यावं, असं मला जो तो सांगत होता. अमेरिकेहून येणाऱ्याला सुरुवातीचे काही दिवस हेच ऊन उलटं पडू शकतं, म्हणून हे लिहिते आहे.

लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले होते. जाताना फारसं जाणवलं नाही. ऑक्टोबरात अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी परतले आणि अंगाचं सगळं तंत्र बिघडलं. त्या दिवसांत तिथली वेळ आपल्या साडेनऊ तास मागे असते. पहाटे साडेचारला कडकडून भूक लागायची. तिथे तेव्हा संध्याकाळचे सात, जेवणाची वेळ. सकाळी दहाला घरात कापूस वेचणीची गडबड चालायची आणि माझे डोळे मिटायचे.

लेकीने फोनवर नीट समजावून सांगितलं. मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका असतो. शरीराचं घड्याळ तोच चालवतो आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर वेळ लावतो. त्याचा दिवस २४ तासांहून किंचित मोठा असतो. त्यामुळे पश्चिमेला जाताना दिवस लांबला तर ते निभावतं, पूर्वेकडे येताना जड जातं. दिवसाला साधारण तासभरच घड्याळ सरकतं.

खरी मेख पुढे आहे. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं. त्याआधी मिळालेला उजेड घड्याळ मागे ढकलतो, नंतरचा पुढे ओढतो. मी तिथे सहाला उठायचे, म्हणजे माझी ही वेळ साडेतीनच्या सुमाराची. आपल्याकडे तेव्हा दुपारचा एक!

म्हणून पहिले दिवस सकाळी मी माजघरातच राहिले, अंगणात जायचंच झालं तर काळा चष्मा लावून. आल्या-गेल्यांना ते विचित्र वाटलं, पण मी ऐकलं नाही. जेवण झालं की डोक्यावर पदर घेऊन थेट शेतात, दिवस मावळेपर्यंत. ऑक्टोबरचं ऊन खानदेशात चांगलंच भाजतं, तरी त्याच उजेडाने मला सावरलं. मग रोज बाहेर पडायची वेळ तासाभराने अलीकडे आणत गेले. दिवसा झोप अनावर झाली तर गजर लावून अर्धा तासच पडायचे.

जेवणाच्या वेळाही इथल्याच धरल्या. यकृत आणि आतडी आपापली घड्याळं खाण्याच्या वेळेवरून लावतात, म्हणून पहाटेच्या भुकेला फक्त पाणी. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र असं उपाशी राहू नये. गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

उन्हाळ्यात भाचा जर्मनीहून आला, तेव्हा फरक साडेतीन तासांचाच होता. त्याला मी सकाळी आठनंतर खुशाल उन्हात पाठवलं.