गुडघ्यापुढचं प्रश्नचिन्ह

२३ जुलै २०१७, रविवार. मुंबईत इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा ड्राफ्ट होता, म्हणजे संघांनी पाळीपाळीने भारतीय खेळाडू निवडायचा दिवस. दहा संघ, दहा टेबलं, आणि आमच्या टेबलामागच्या खुर्चीत मी, मांडीवर लॅपटॉप घेऊन. यादीत दोनशे पाच खेळाडू होते. त्यातल्या ज्यांच्याशी आमचा संबंध येऊ शकत होता, त्यांचे सामने मी दीड महिना बघत होतो. पदाचं नाव अॅनालिस्ट. आईच्या भाषेत 'दिवसभर मॅच बघतो आणि पगार घेतो'.

ड्राफ्ट म्हणजे लिलाव नव्हे, हे मी आजही लग्नकार्यात समजावत असतो. आयपीएलसारखी बोली नाही. प्रत्येकाची किंमत आधीच ठरलेली. त्या वर्षी सर्वांत महाग अनस एडथोडिका आणि युजीनसन लिंगडोह, प्रत्येकी १ कोटी १० लाख. खिशात पैसे असून उपयोग नाही, आपली पाळी येईपर्यंत तो माणूस उरायला हवा. जमशेदपूर आणि दिल्लीकडे राखलेला, म्हणजे ड्राफ्टआधीच आपल्याकडे ठेवलेला, एकही सीनियर नव्हता, म्हणून पहिली फेरी त्यांची. जमशेदपूरने अनसला उचललं, गोलकीपर सुब्रत पालही त्यांनीच नेला. आम्ही दोघांना राखलेलं, त्यामुळे तिसऱ्या फेरीपर्यंत चहा पीत बसणं एवढंच काम.

बाहेरच्यांना वाटतं, चांगले खेळाडू शोधले की झालं. तसं नसतं. त्या मोसमापासून मैदानावर परदेशी खेळाडू सहाऐवजी पाच झाले, म्हणजे अकरात सहा भारतीय आलेच. परदेशी खेळाडूंसाठीचा पैसा ओतला जातो मधल्या रांगेत, पुढे गोल मारणाऱ्यावर आणि बचावाच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या एखाद्या धिप्पाड सेंटर बॅकवर. मग भारतीयांच्या वाट्याला काय उरतं? गोलपोस्ट, दोन्ही कडांचे विंगर आणि दोन्ही फुल बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू. म्हणजे आपण आधी भोकं मोजायची आणि मग बुचं शोधायची. त्यात डाव्या पायाचा खरा लेफ्ट बॅक आपल्या देशात फार दुर्मीळ. उजव्या पायाचा मुलगा डावीकडे उभा केला की तो कडेने पळत जातो आणि क्रॉस मारायच्या क्षणी चेंडू उजव्या पायावर घ्यायला आत वळतो. तेवढ्यात समोरचा बचाव नीट उभा राहतो. टीव्हीवर हे कळत नाही, मोसमाअखेरीस गुणतक्त्यात कळतं.

माझ्या यादीत लेफ्ट बॅकच्या रकान्यात खात्रीची चार नावं होती. त्यातलं तिसरं पेडण्याच्या एका मुलाचं. २०१६ मध्ये गोव्यातल्या जुन्या क्लबांनी आय-लीग या देशातल्या जुन्या फुटबॉल लीगमधून अंग काढून घेतलं, तेव्हा तो उघड्यावर पडला. दुसऱ्या राज्यातल्या एका संघाने मोसमापुरता घेतला. सामने मिळाले नऊ. डावा पाय असा, की चेंडू गवताला चिकटून जायचा. पहिल्या तीन सामन्यांत तो सतत विंगरला मागे टाकून वर जात होता. चौथ्यापासून जाईना. अर्धी रेषा आली की थांबायचा, मागे पास द्यायचा.

का थांबतो, हे शोधायला मी आणखी दोन रात्री घातल्या. इथे आमच्या धंद्याचं रडगाणं ऐकून घ्या. आमच्या हाताशी फक्त टीव्हीचं चित्रण असतं. कॅमेरा चेंडूमागे धावतो. चेंडू उजवीकडे असला की लेफ्ट बॅक चित्रातच नाही. नव्वद मिनिटांतली फार तर तीस-पस्तीस मिनिटं तो दिसणार, उरलेल्या वेळात तो काय करत होता ते देव जाणे. अख्खं मैदान दिसेल असा एक कॅमेरा स्टँडच्या माथ्यावर लावायला काय जातं, हे मी सहा वर्षं विचारतोय. एजंट पाठवतात त्या व्हिडिओंबद्दल बोलायलाच नको. मागे ढोल-ताशे आणि पुढे चार गोल, त्यातले दोन भलत्याचेच.

शेवटी शेऱ्यात लिहिलं: 'चौथ्या सामन्यापासून वर जात नाही. गुडघा?'

प्रश्नचिन्ह होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण आदल्या रात्री साहेबांनी सगळी यादी एका पानावर मागितली. त्यांना दुसरं पान उलटायची सवय नव्हती. मी रकाने आवळले, वाक्यं कापली आणि प्रिंट काढली. पेडण्याच्या मुलापुढे उरलं: 'गुडघा'. प्रश्नचिन्ह रकान्याच्या कडेत गेलं.

पाचव्या फेरीत आमची पाळी आली तोवर वरची दोन्ही नावं गेली होती. घड्याळ चालू. नवे कोच फोनवर, परदेशातून. त्यांनी तोवर आय-लीगचा एकही सामना पाहिलेला नव्हता आणि तसं ते प्रामाणिकपणे म्हणालेही. साहेबांनी बोट पानावरून खाली आणलं.

"हा गोव्याचा?"

"गुडघा आहे त्याला," शेजारचा म्हणाला. त्याने प्रिंट वाचली होती, सामना नाही.

"मग नको."

मला बोलायला चार-पाच सेकंद होते. 'सर, तो अंदाज आहे' एवढंच म्हणायचं होतं. मागच्या खुर्चीतल्याने बोलायचं नाही, असा काही नियम नव्हता. पण मला खरंच माहीत नव्हतं ना! गुडघा नसेलच, असं तरी मी कशाच्या जोरावर सांगणार होतो? आम्ही चौथं नाव घेतलं, उजव्या पायाचं. पेडण्याच्या मुलाचं नाव शेवटच्या फेरीपर्यंत कोणीच घेतलं नाही. इतर नऊ टेबलांवर माझा कागद नव्हता, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

पुढच्या वर्षी म्हापशाला दुलेर स्टेडियमवर एका पोरसवदा मिडफिल्डरला बघायला गेलो होतो. पेडण्याचा तो मुलगा तिथे गोवा प्रोफेशनल लीगमध्ये खेळत होता. लेफ्ट बॅक, आणि नव्वद मिनिटं वर-खाली. सामना संपल्यावर ओळख काढून विचारलंच, "गुडघा कसा आहे आता?"

"ढोपर?" त्याने आधी खाली बघितलं, मग माझ्याकडे. "कोणाचं ढोपर, सर?"

मी आय-लीगच्या सामन्यांचा विषय काढला. तो हसला. "ते होय. आमचा डावा सेंटर बॅक हळू होता ना. कोच म्हणाले, तू लाइन ओलांडलीस की मागे मैदान मोकळं. म्हणून थांबायचो. ऐकलं नसतं तर बेंचवर बसवलं असतं." मग म्हणाला, "तुम्ही तेव्हा बघत होता माका?" मी हो म्हणालो. टेबलाचं काही बोललो नाही. अजून बोललेलो नाही.

घरी येऊन तो चौथा सामना पुन्हा लावला. त्रेसष्टाव्या मिनिटाला चेंडू डावीकडे येतो. मुलगा पळायला लागतो आणि अर्ध्या रेषेपाशी मान उजवीकडे वळवतो. त्या वेळी मी चेंडू बघत होतो. चित्राच्या खालच्या कडेला, टचलाइनजवळ, ट्रॅकसूटच्या बाहीतला एक हात दिसतो. तळवा खाली, दोनदा दाबल्यासारखा: थांब, थांब. सेकंदभरच. मग कॅमेरा चेंडूमागे निघून जातो.