सेल उन्हात ठेवले का?

वैशाखातली दुपार, दोनचा सुमार. जळगावात ह्या वेळी कुणी रस्त्यावर दिसलंच तर आधी त्याची तब्येत विचारावी. कूलरमध्ये आत्ताच दोन बादल्या पाणी ओतलंय आणि मी खिडकीजवळच्या टेबलावरच्या फोनकडे बघत बसलोय. खाली पापडाएवढी पांढरी चकती, तिच्यावर नवाकोरा फोन. तासाभराने उचलला तर तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा गरम. पडद्यावर सूचना: तापमान जास्त, चार्जिंग थांबवलं आहे. तासाभराची कमाई चार टक्के.

ह्याला वायरलेस चार्जिंग म्हणतात. चकतीला वायर आहे ती आहेच, तीही आखूड. पूर्वी वायर फोनला होती, तेव्हा आडवं पडून, ती ताणत ताणत का होईना, बोलता यायचं. आता फोन उचलला की चार्जिंग बंद. म्हणजे फोन मोकळा झाला आणि मी टेबलाला बांधला गेलो.

तसं त्यातलं शास्त्र जुनंच. चकतीत तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, फोनच्या पाठीत दुसरं. खालच्यातून उलटसुलट प्रवाह फिरला की वरच्यात वीज उपजते. फॅरडेने १८३१ साली हे दाखवलं. आपण शाळेत गॅल्व्हॅनोमीटरचा काटा हललेला पाहिला, निदान 'काटा हलतो' असं प्रयोगवहीत उतरवून तरी काढलं. मात्र दोन्ही वेटोळी समोरासमोर यायला हवीत. बोटभर सरकली की वीज कमी आणि ताप जास्त. माझ्या आधीच्या फोनला तर रात्री मेसेज आला की थरथर सुटायची, आणि थरथरत तो चकतीवरून हळूहळू उतरायचा. सकाळी बघावं तर चौतीस टक्के. ह्यावर उपाय म्हणून आता चुंबक आलेत. २०२३ साली जाहीर झालेल्या नव्या पद्धतीत फोन चकतीला टपकन चिकटतो. मूळ पद्धतीचं नाव लिहायचं क्यूआय, म्हणायचं 'ची'. कुणाची, ते विचारायचं नाही.

चुंबकाने जागा सापडते, मान्य. पण उन्हाचं काय? लिथियमच्या बॅटरीला ऊन सोसत नाही आणि आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या खाली उतरायला तयार नसतो. शेवटी फोन आणि चकती दोन्ही उचलून कूलरसमोरच्या स्टुलावर नेऊन ठेवली. पाव्हण्याला बसवावं तशी.

आणि तिथेच बाबा आठवले. आजोबांना आम्ही बाबा म्हणायचो.

यावल तालुक्यातलं आमचं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. मे महिन्यात धाब्यावर काय नसायचं! कुरडया, पापड, ज्वारी, बिबड्या. आणि एका कोपऱ्यात, विटेच्या आडोशाला, तीन सेल. बाबांच्या बॅटरीचे. (बॅटरी म्हणजे टॉर्च. आतल्या जिनसांना सेल म्हणायचं, हे शहरातल्या वाचकांसाठी.) उजेड पिवळा पडायला लागला की बाबा सेल काढायचे, अंगठ्याने दाबून बघायचे आणि सकाळीच जिन्याखालून मला हाक मारायचे, "सेल उन्हात ठेवले का रे?" मी ते मांडायचो. दुपारी माय बिबड्या उलटायला वर गेली की सेलही उलटायची, दोन्ही बाजूंनी भाजले जावेत म्हणून. संध्याकाळी तेच सेल पुन्हा बॅटरीत, पण क्रम बदलून. पुढचा मागे, मागचा पुढे. बटण दाबलं की उजेड पांढरा.

सेल उन्हात भरतात ह्यावर माझा कित्येक वर्षं विश्वास होता. पुढे कळलं की भरत काहीच नाहीत. तापले की आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते आणि उरलंसुरलं बाहेर येतं, एवढंच. गार झाले की पुन्हा तेच रडगाणं. पण त्या वयात ऊन सेलमध्ये शिरून बसतं आणि रात्री काचेतून बाहेर पडतं, हे मला अगदी पटलेलं होतं. वायर कुठेच नव्हती त्यात.

आता बाबा नाहीत, धाबंही नाही, तिथे स्लॅब आला. बॅटरीचं काम आप्पांच्या फोनवर आलं. त्यांचा फोन सहा वर्षांचा, चार्जिंगचं भोक ढिलं. पिन एका ठरावीक कोनात धरून खाली काडेपेटी टेकवली तरच लाईट आत जायची. मी म्हटलं, तुमच्या फोनलाही वायरलेस करून देतो. जुन्या फोनच्या पाठीत वेटोळं नसतं, म्हणून बाहेरून लावायची एक पातळ पट्टी मिळते, ती मागवली. आली तेव्हा कळलं की तिची पिनसुद्धा त्याच ढिल्या भोकात घालायची आहे. आप्पा हसले, "मंग काय करू राह्यला रे तू?" तरी एकदाची पिन बसवली, वरून कव्हर घट्ट चढवलं आणि काडेपेटी देव्हाऱ्यात परत गेली. चार्ज व्हायला वेळ लागतो, माझ्या फोनच्या तिप्पट. आप्पांची तक्रार नाही. फोन चकतीवर ठेवतात, वरचा दिवा लागला का वाकून बघतात, दोन बोटं इकडे सरकवतात, दोन तिकडे. बाबा सेल दाबून बघायचे, तसंच काहीसं.

ह्या आठवड्यात शेतातली थ्री फेज वीज रात्रीची आहे. केळीला ह्या दिवसांत पाण्याची एक पाळी चुकवून चालत नाही, आणि मोटार चालू करायला विहिरीपर्यंत पायवाटेने जावं लागतं. गेल्या वर्षी त्या वाटेवर शेजारच्या मळ्यातल्या एकाला घोणस चावली. वाचला तो.

काल रात्री साडेनऊला मी आप्पांना फोन केला.

"चार्जिंग किती झालं?"

"साठ."

"भरू द्या ना अजून थोडं."

"बास झालं," आप्पा म्हणाले. "जाऊन यायपुरतं आहे."