बाळाचं अंथरूण मोकळंच ठेवा

बाळ घरी यायच्या आधीच राईची उशी शिवून तयार असते, डोकं गोल यावं म्हणून. आजी-मावश्यांचा त्यामागचा जीव मला कळतो, पण पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळाजवळ उशी नकोच, राईची पण नाही. तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते, हनुवटी छातीला टेकली किंवा नाक कापडात रुतलं तर त्याला तोंड फिरवता येत नाही आणि शेजारी झोपलेल्या माणसाला आवाजसुद्धा येत नाही. डोकं चपटं होईल वाटत असेल तर बाळ जागं असताना, आपण समोर बसून, थोडा थोडा वेळ पोटावर ठेवा, मान पण बळकट होते.

झोपवायचं मात्र उताणंच, दुपारच्या डुलकीला पण. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवायची मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. यावर लगेच येणारा प्रश्न म्हणजे दूध ओकलं तर घशात अडकेल ना? नाही अडकत, कारण उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली, वर आलेलं दूध गिळलं जातं नाहीतर तोंडातून बाहेर येतं. पालथं झोपवलं की हेच उलटं होतं.

गादी पातळ आणि टणक, चादर घट्ट खोचलेली, बस. गोधडी, लोड, मऊ खेळणी सगळं बाजूला. झोळीत बाळ पटकन शांत होतं हे खरंय पण त्यात ते वाकडं होऊन मुटकुळं होतं, म्हणून डोळा लागला की सपाट जागी ठेवा. कुंची-टोपडं झोपताना काढा, गळ्यातला काळा दोरा पण, आणि मानेमागे बोटं लावून बघा, घाम असेल तर कपडे जास्त झालेत. धुरी, सिगारेट त्या खोलीत नकोच.

बाळाचं अंथरूण आईच्या पलंगाला लागून पण वेगळं असावं, निदान सहा महिने. आणि रात्री पाजताना सोफ्यावर बसू नका, तिथे आईला डुलकी लागली तर सगळ्यात धोका, त्या वेळेला बाबांनी उठून शेजारी बसावं आणि पिऊन झालं की बाळाला त्याच्या जागेवर ठेवावं.