आईच्या गळ्यावरचा व्रण

मी बेळगावात पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासते. आम्हाला पेशंट फारसा दिसत नाही, त्याची स्लाइड दिसते. पण ती केस आठवली की मला अजून एका बाईचा गळाच आधी आठवतो.

खानापूरकडचा तेरा वर्षांचा पोरगा. डोकं दुखतंय म्हणत होता, मग शाळेत फिट आली, एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या फ्रंटल, म्हणजे पुढच्या भागात गाठ आणि आत रक्तस्राव. ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन आलं, म्हणजे गोठवून लगेच तपासायचा गाठीचा तुकडा, आणि सर्जनचा फोन, ग्लायोमाच ना? म्हणजे मेंदूच्या आधारपेशींचीच गाठ. तुकडा काचेवर पसरून स्मिअर केला तर पेशी सुट्याच होईनात, ग्लायोमाचे ते बारीक तंतू कुठंच नाहीत, नुसत्या लांबट पेशींचे गठ्ठे. हाय ग्रेड आहे, पुढचं पॅराफिनवर सांगते, एवढंच बोलले. म्हणजे गाठ आक्रमक, बाकीचं मेणात बसवून केलेल्या पातळ कापांवर, सेक्शनवर.

सेक्शन बघून पहिला विचार ग्लायोसार्कोमाचा आला, म्हणजे ग्लायोमा आणि सार्कोमा (स्नायू-हाडांसारख्या ऊतींचा कॅन्सर) एकाच गाठीत, आणि खरं सांगते, तसंच लिहायच्या बेतात होते. पण त्यात जीएफएपी (आधारपेशी ओळखायची रंगचाचणी) घेणारा ग्लायल, म्हणजे आधारपेशींचा भाग आणि रेटिक्युलिन तंतूंचं जाळं असलेला सार्कोमाचा भाग असे दोन्ही सापडतात, इथं जीएफएपी फक्त कडेला अडकलेल्या मेंदूत आणि रेटिक्युलिन जवळजवळ प्रत्येक पेशीभोवती. स्टॅट-सिक्स ही आणखी एक रंगचाचणी निगेटिव्ह, म्हणजे सॉलिटरी फायब्रस ट्यूमर ही वेगळी गाठ बाद. ईएमए आणि एसएसटीआर-टू याही चाचण्या निगेटिव्ह, तेव्हा मेंदूच्या आवरणाची गाठ, मेनिंजिओमा, धरवेना. डेस्मिन, म्हणजे स्नायूपेशींची खूण, मात्र मधेमधे थोड्याच पेशींत पॉझिटिव्ह. छाती-पोटाचं सीटी क्लीन, म्हणजे दुसरीकडून आलेला सार्कोमा नाही, मेंदूतलाच. आणि पेशींमध्ये ते गुलाबी गोळे, लहानमोठे, पीएएस या रंगावर उठून दिसणारे. त्या गोळ्यांपाशीच मी थांबले, कारण डायसर-वन जीनमधल्या बिघाडाच्या मेंदूच्या सार्कोमात असे गोळे असतात. हा गट 2018 मध्ये वेगळा ओळखला गेला, 2021 च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात आला. मी तोवर फक्त वाचला होता.

दुपारी काउंटरवर त्याची आई. "अक्का, रिपोर्ट कवा मिळंल?" पदर सरकला आणि गळ्यावर आडवा जुना व्रण दिसला.

"ताई, हे ऑपरेशन कधीचं?"

"लग्नाआधीचं. गलगंड हुता की. आमच्या आईलाबी हुता."

माझे हात गार पडले. डायसर-वनचा दोष वारशाने येतो तेव्हा घरात कमी वयात थायरॉइडच्या गाठी होतात, लहान मुलांत फुफ्फुसाच्या आणि किडनीच्या गाठीही. दुसऱ्या दिवशी ती जुनं डिस्चार्ज कार्ड घेऊन आली, सगळं हाताने लिहिलेलं कन्नड, आमच्या टेक्निशियनने वाचून दाखवलं, थायरॉइडमध्ये बऱ्याच गाठी, वय अठरा.

गाठीचा मेणातला ब्लॉक आणि मायलेकाचं रक्त मुंबईला पाठवलं. गाठीत डायसर-वनचे दोन बिघाड निघाले, एक गाठीतच झालेला, दुसरा आईकडून आलेला. आईला समजावून सांगताना हेच अवघड गेलं, ती सारखी म्हणायची, माझ्यामुळं झालं न्हवं? नाही हो ताई, तुमच्या हातात काय होतं. किती वेळा सांगितलं तरी कमीच वाटत होतं.

पोराचं रेडिएशन झालंय, केमो चालू आहे. धाकटी बहीण सहा वर्षांची, तिला तो दोष असण्याची शक्यता निम्मी. परवा आई तिला घेऊन आली, रक्त घेताना पोरगी जराही रडली नाही, आईच रडत होती. छातीचा एक्स-रे आणि गळ्याची, पोटाची सोनोग्राफी ठीक आहे, रक्ताच्या रिपोर्टची मी वाट बघतेय.