घडी

स्तनाच्या कॅन्सरसाठी किरणांचे शेक चालू होते, त्यातला हा तेरावा. काकू टेबलावरून उतरल्या, गाऊन सावरताना क्षणभर थबकल्या आणि स्तनाखाली चिकटलेलं कापड दोन बोटांनी हळूच सोडवलं. मी पुढच्या पेशंटची फाइल शोधत होते. ओझरतं दिसलं, एवढंच.

"काकू, दुखतंय का?"

"नाही हो सिस्टर, घामानं चिकटतंय."

पडद्याआड नेलं. समोरून छाती नेहमीसारखीच, जरा काळपट. स्तन वर उचलला तर घडीत बोटभर लांबीचा सोललेला, ओलसर पट्टा. त्याच्या कडेला पावडरीचे पांढरे गोळे.

फाइलमध्ये चार दिवसांपूर्वीची नोंद माझ्याच अक्षरातली होती : 'लाली नाही.' खरंच नव्हती. सावळ्या अंगावर लाली लाल दिसतच नाही. कातडी गडद होते, ताणल्यासारखी चकाकते, हाताला गरम लागते. नवीन मुलींना हे मीच शिकवते. त्या दिवशी मात्र हात लावला नव्हता, घडी उचलणं तर दूरच. कातडीवर कातडी घासते, घाम साचतो, किरणांचा मारही तिथे वरच्या थराला जास्त बसतो. बिघडायचं ते बहुतेक तिथूनच बिघडतं. गर्दी होती वगैरे कारणं आहेत, ती माझ्यापाशीच राहू देत.

पावडर कशासाठी? तर कुणीतरी सांगितलं होतं, शेक संपेपर्यंत छातीला पाणी लावायचं नाही, किरणांचा नेम धरायला कातडीवर काढलेल्या खुणा पुसल्या तर सगळं चुकतं. हा सल्ला हवेतून आलेला नाही. एके काळी दवाखान्यांतच असं सांगत. आता कोमट पाणी आणि सौम्य साबण रोज चालतो. घासायचं नाही, टिपून घ्यायचं. खुणा पुसट झाल्या तर आम्ही पुन्हा काढतो. हे सगळं आम्ही दिलेल्या कागदावर छापलेलं होतं. काकूंनी तो पिशवीत जपून ठेवला होता, घडीसुद्धा न मोडता. मीही तो वाचून दाखवला नव्हता.

डॉक्टरांनी पाहिलं. १५ पैकी २ शेक राहिले होते, ते थांबवायचे नाहीत असं ठरलं. सलाइननं पावडर भिजवून सोडवायलाच बराच वेळ गेला. ओढली असती तर नवी कातडीही सोबत आली असती. मग न चिकटणारं सिलिकॉनचं ड्रेसिंग, चिकटपट्टी कुठेही नाही, आणि तारेच्या ब्राऐवजी सैल सुती बंडी. कातडी शाबूत होती तेव्हाच मोमेटासोन, म्हणजे दाह कमी करणारं स्टेरॉइडचं मलम, सुरू केलं असतं तर कदाचित एवढं वाढलं नसतं. हे डॉक्टर बोलले नाहीत, मी मनात बोलले.

"आता दोनच उरले, मग सुटले," काकू म्हणाल्या.

तसं होत नाही, हे तिथल्या तिथे सांगावं लागलं. शेक संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे कातडी बिघडत जाते, कारण तळाच्या थरात मेलेल्या पेशींची उणीव वर दिसायला वेळ लागतो. आधी कानावर नसेल तर माणूस घरी बसून घाबरतो. म्हणून शेवटच्या शेकानंतर आठव्या दिवशी बोलावलं. पट्टा रुंदावला होताच. पू, वास, ताप मात्र नव्हता. पुढच्या तीन आठवड्यांत जखम भरत आली.

त्यानंतरच्या तपासणीला मी काही म्हणायच्या आत काकूंनी गाऊन सोडला, स्तन स्वतःच उचलून धरला आणि म्हणाल्या, "आधी इथं बघा."