जीमेल डॉट कॉम सापडत नाही म्हणे

परवा विजा कडाडल्या त्यात ओळखीच्या एका ऑफिसचा राउटर उडाला. नवा लावला, पोर्ट फॉरवर्ड केले (म्हणजे बाहेरून येणारं त्यांच्या मेल सर्व्हरकडे वळवलं), ब्राउझर उघडतोय बघितलं आणि निघालो घरी. संध्याकाळी फोन, "अहो, दुपारपासून बाहेरचा एकही मेल आला नाही, जरा बघता का?"

मेल सर्व्हरचा लॉग उघडला तर ओळीमागून ओळ, ४५० ४.१.८, सेंडर ॲड्रेस रिजेक्टेड, डोमेन नॉट फाउंड. डोमेन कुठलं तर जीमेल डॉट कॉम! म्हणजे पोस्टफिक्सच्या (तिथलं मेल सर्व्हर सॉफ्टवेअर) मते जीमेल अस्तित्वातच नाही.

हा नियम मीच घातलेला, रिजेक्ट अननोन सेंडर डोमेन. पाठवणाऱ्याच्या डोमेनला एमएक्स (त्या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा ती नोंद) पण नाही आणि ए रेकॉर्ड (डोमेनचा आयपी पत्ता) पण नाही, तर मेल घ्यायचा नाही, कारण उद्या बाऊन्स करायचा म्हटला तर पाठवणार कुठे? स्पॅमचा बराच कचरा यात जातो. पण डीएनएसकडून (डोमेनच्या या नोंदी सांगणारी यंत्रणा) उत्तरच आलं नाही तरी लॉगमध्ये हेच "नॉट फाउंड" छापून येतं, आणि आपण बसतो समोरच्याचं डोमेन तपासत.

मी पण तेच केलं. सर्व्हरवरून डिग (डीएनएसला विचारायची कमांड) मारला, एमएक्स झटक्यात आले. मग अडतंय कुठे? अर्धा तास फायरवॉल उकरत बसलो, उगाच.

त्या सर्व्हरच्या डेबियन लिनक्सवर पोस्टफिक्सचा एसएमटीपीडी (मेल आत घेणारा प्रोग्राम) सीएचरूटमध्ये, म्हणजे एका फोल्डरात कोंडलेला चालतो, त्याला बाहेरची रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ (डीएनएस कुणाला विचारायचं ती फाइल) दिसतच नाही, स्पूल फोल्डरच्या आत त्याची वेगळी कॉपी असते. बाहेरच्या फाइलीत नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ आला होता, आतल्या कॉपीत अजून जुन्याचा १९२.१६८.१.१, जो भंगारात पडलाय. डिग बाहेरची वाचतो म्हणून मला सगळं आलबेल दिसत होतं. पोस्टफिक्स रिस्टार्ट केला की कॉपी नवीन होते, बास, एवढंच करायचं होतं.

नशीब ४५० होता, म्हणजे "नंतर या", त्यामुळे पाठवणारे सर्व्हर मेल रांगेत धरून बसले होते. ५५०, म्हणजे कायमचा नकार, असता तर दुपारचे सगळे मेल परत गेले असते आणि मला शिव्या. रात्री दहापर्यंत सगळे आले.

एक मात्र अजून आपटतोय, कुणाच्या तरी बिलिंग सॉफ्टवेअरचा, पाठवणारा रूट ॲट लोकलहोस्ट डॉट लोकलडोमेन, आणि हे डोमेन खरोखरच नाही. त्यांना फोन केला तर म्हणे "आमच्याकडून सेंट दाखवतंय."