आइनोकुरा : जोडलेल्या हातांसारखी छपरे

जपानमधल्या ताकाओका शहरातून निघालेली बस शोगावा नदीच्या खोऱ्यातून वळणे घेत वर आली आणि डोंगरातल्या एका लहानशा थांब्यावर तिने मला उतरवले. तिथून थोडा चढ चढल्यावर आइनोकुरा दिसले. तोयामा प्रांतातील गोकायामा भागातले हे गाव १९९५ साली सुगानुमा आणि शिराकावा-गोमधील ओगिमाची या गावांसह जागतिक वारसा यादीत आले. ओगिमाचीची कीर्ती मोठी आणि गर्दीही मोठी, म्हणून मुक्कामासाठी मी जेमतेम वीस गवती छपरांचे हे गाव निवडले होते.

या घरांना ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणतात. ‘गाश्शो’ म्हणजे नमस्कारासाठी जोडलेले हात, आणि सुमारे साठ अंशांत उतरणारी ती छपरे पाहिल्यावर हे नाव मनोमन पटते. इथे हिवाळ्यात अतोनात बर्फ पडतो. तो साचून राहू नये म्हणून हा तीव्र उतार. छपराचा सांगाडा लोखंडी खिळ्यांवाचून, दोर आणि लवचीक फांद्यांनी बांधलेला असतो. मुख्य वाशांची टोके निमुळती तासून तुळयांच्या खोबणीत नुसती टेकवतात, त्यामुळे वारा आणि बर्फाचा भार आला तरी छप्पर मोडण्याऐवजी किंचित हलते. गवत दर पंधरा-वीस वर्षांनी बदलावे लागते. एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे हे काम पूर्वापार सगळे गाव मिळून करीत असे. त्या प्रथेला ‘युइ’ म्हणतात, हे ऐकले तेव्हा मला आपल्याकडची इर्जिक आठवली.

मी ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजींनी मला माळ्यावर नेले. एकेकाळी तिथे रेशमाचे किडे पाळले जात, आणि खाली चुलीशेजारी जमिनीत खड्डे खणून त्यांत माती, रानगवत आणि त्याच किड्यांची विष्ठा यांचे थर कित्येक वर्षे कुजवत ठेवत. त्यातून निघणारा सोरा बंदुकीच्या दारूसाठी कागा संस्थानाला दिला जाई. वर रेशीम आणि खाली दारूगोळ्याचा कच्चा माल, एकाच छपराखाली! शेतीला सपाट जमीन नसलेल्या या माणसांनी किती कष्टाने पोट भरले असेल, हा विचार त्या अंधाऱ्या माळ्यावर मला फार वेळ सोडत नव्हता.

रात्री इरोरीभोवती, म्हणजे जमिनीत खोदलेल्या चौकोनी चुलीभोवती, जेवण झाले. काडीला टोचून भाजलेला इवाना मासा, रानभाज्या आणि दोरीने बांधून नेता येईल इतका घट्ट असा इथला प्रसिद्ध टोफू पानात होता. चुलीचा धूर वर चढत छपरात मुरतो आणि गवताला व दोरांना किडीपासून वाचवतो, असे आजींनी सांगितले.

सकाळी निघताना गावामागच्या उतारावरचे दाट रान त्यांनी मला हात करून दाखवले. हिमकडे गावावर कोसळू नयेत म्हणून तिथल्या झाडांवर पिढ्यानपिढ्या कुऱ्हाड चालवू दिलेली नाही. उतरणीच्या वाटेवर माझ्या कपड्यांना अजून चुलीच्या धुराचा वास येत होता.